संगणकावरून दूरध्वनी : अडचणी व त्यांचे निवारण

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आदी तालुक्यांचा व्यवहार दोन भाषांत व दोन राज्यांत चालतो, हे सर्वश्रुत आहे. शेतमालाचा भाव विचारावयाचा तो उदगीर वा सोलापूरला, कामधंद्यासाठी गेलेली मुले पुण्या-मुंबईस, कचेरीचे काम बिदर वा कलबुर्गीस आणि रुग्ण पुष्कळदा हैदराबादेस. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, तरी नातीगोती व बाजारपेठा सीमारेषा पाहून बदलल्या नाहीत. अशा मुलखात दूरध्वनी ही चैन नसून दैनंदिन गरज आहे.

अलीकडे ग्रामपंचायती, शाळा व सेवाकेंद्रे यांतून संगणक आला आणि प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन आला. शाळेतील शिक्षक पडद्यावर विद्यार्थ्यांची नोंद पाहत एका हाताने फोन कानाशी धरतात व दुसऱ्या हाताने टंकलेखन करतात. ऊसतोडीस किंवा बांधकामावर परगावी गेलेल्या पालकांशी बोलून मूल शाळेत परत कधी येणार, याची नोंद घेणे हे काम असे एका हाताने नीट होत नाही. संगणकास फोन जोडून संगणकावरूनच बोलता आले तर दोन्ही हात मोकळे राहतात. कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांनाही संगणकाच्या मोठ्या ध्वनिवर्धकाचा उपयोग होतो. ही सोय आज उपलब्ध आहे. तथापि ती अनेक ठिकाणी एक-दोन दिवस चालते व मग बंद पडते. ती का बंद पडते व पुन्हा कशी सुरू करावी, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

व्यवस्थेचे स्वरूप

विंडोज प्रणालीच्या संगणकावर ही सोय 'फोन लिंक' या नावाने मिळते. पूर्वी तिचे नाव 'युवर फोन' असे होते. २०१९ साली तीत कॉल करण्याची सुविधा आली आणि २०२२ साली नाव बदलले. अँड्रॉइड फोनवर तिचा जोडीदार 'लिंक टू विंडोज' हा होय. काही फोनांत तो आधीपासूनच असतो, इतरांत तो उतरवून घ्यावा लागतो. २०२३ पासून विंडोज ११ असलेल्या संगणकाशी आयफोनही जोडता येतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या व्यवस्थेत कॉल करतो तो फोनच. संगणक हा केवळ फोनचा लांबवर ठेवलेला कान व तोंड आहे. आवाज ब्लूटूथ या अल्प अंतराच्या बिनतारी लहरींवरून फोनकडून संगणकाकडे व संगणकाकडून फोनकडे जातो. कॉलचा आकार फोनमधील सिमच्या योजनेप्रमाणेच लागतो आणि समोरच्या व्यक्तीस आपला नेहमीचाच क्रमांक दिसतो. यास्तव फोन बंद असेल, त्याची बॅटरी संपली असेल किंवा त्यास टॉवर मिळत नसेल, तर संगणकावर कितीही खटपट केली तरी कॉल लागणार नाही.

व्हॉट्सअॅपवरून संगणकाद्वारे केलेला कॉल ही वेगळी बाब आहे. तो इंटरनेटवरून जातो; त्यास टॉवरची नव्हे, डेटाची गरज असते आणि समोरच्याकडेही तेच अॅप असावे लागते. ग्रामस्थांना दोहोंतील फरक ठाऊक नसल्याने इंटरनेट बंद असता सिमचा दोष शोधला जातो व टॉवर नसता इंटरनेटचा. दोष शोधण्यापूर्वी आपण कोणत्या मार्गाने बोलत आहोत, हे प्रथम ठरवावे.

दोष शोधण्याची रीत

या व्यवस्थेत तीन कड्या आहेत. पहिली टॉवर ते फोन, दुसरी फोन ते संगणक व तिसरी संगणक ते आपला कान. शेतातील पाइपलाइन कोठे फुटली हे पाहताना आपण विहिरीपासून क्रमाने पाहत जातो. त्याचप्रमाणे येथेही पहिल्या कडीपासून आरंभ करावा. सर्व सेटिंग्ज एकाच वेळी बदलू नयेत. एक गोष्ट बदलावी, कॉल करून पाहावा व मग पुढे जावे. असे न केल्यास दोष दूर झाला तरी तो कशाने झाला हे कळत नाही.

पहिली कडी : टॉवर ते फोन

प्रथम संगणक बाजूस ठेवून फोनवरूनच कॉल लावून पाहावा. तो लागत नसेल तर दोष संगणकाचा नाही. बिदरकडील जांभ्या दगडाच्या जाड भिंतींत व कलबुर्गीकडील शहाबादी फरशीच्या घरांत आतल्या खोलीत टॉवर कमी मिळतो, हा नित्याचा अनुभव आहे. येथे संगणकाची जोडणी उलट उपयोगी पडते. ब्लूटूथचा पल्ला सामान्यतः दहा मीटरच्या आसपास असतो. फोन खिडकीपाशी, जेथे टॉवर मिळतो तेथे ठेवावा व आपण टेबलाशी बसून बोलावे. मध्ये जाड भिंत मात्र असू नये, कारण भिंतीने हा पल्ला पुष्कळ घटतो.

काही कंपन्यांचे फोन वायफायवरूनही साधा कॉल लावू शकतात. २०१९ च्या अखेरीपासून ही सेवा भारतात सुरू झाली आहे. कार्यालयात ब्रॉडबँड चांगला असून टॉवर दुबळा असेल, तर आपल्या कंपनीकडे चौकशी करून फोनच्या सेटिंग्जमध्ये 'वायफाय कॉलिंग' सुरू करावे.

सीमाभागातील अनेकांकडे दोन सिम असतात, एक कर्नाटकातील व एक महाराष्ट्रातील. फोनमध्ये 'दर वेळी विचारा' असे ठेवलेले असल्यास कोणत्या सिमवरून कॉल लावावा हा प्रश्न फोनच्या पडद्यावर येऊन थांबण्याचा संभव असतो आणि संगणकासमोर बसलेल्यास काहीच घडत नाही असे वाटते. कॉलसाठी एक सिम कायम निवडून ठेवावे.

क्रमांकही तपासावा. मोबाइलवरून तारेच्या दूरध्वनीस फोन लावताना शून्यासह पूर्ण एसटीडी कोड द्यावा लागतो. बिदरचा ०८४८२, कलबुर्गीचा ०८४७२, लातूरचा ०२३८२ व सोलापूरचा ०२१७ आहे. संगणकावरील कॉल फोनच करीत असल्याने येथेही हाच नियम लागू होतो. जुन्या वहीतून उतरवलेले कोडविरहित क्रमांक लागत नाहीत, यात व्यवस्थेचा दोष नाही.

दुसरी कडी : फोन ते संगणक

बहुतेक अडचणी या कडीत उद्भवतात. प्रथम संगणकास ब्लूटूथ आहे का, हे पाहावे. लॅपटॉपला ते बहुधा असते. कार्यालयातील जुन्या डेस्कटॉपला पुष्कळदा नसते. अशा वेळी यूएसबीत बसणारा छोटा ब्लूटूथ डोंगल लावावा लागतो. तो पेटीच्या मागील बाजूस लावल्यास लोखंडी आवरणामुळे लहरी अडतात. पुढील बाजूस लावणे इष्ट.

विंडोज १० या प्रणालीस कंपनीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्या कार्यालयांत अद्याप ती प्रणाली आहे, त्यांनी शक्य असल्यास विंडोज ११ कडे वळावे. संगणकाच्या सुरक्षिततेसाठीही ते आवश्यक आहे.

यानंतर पुढील बाबी क्रमाने पाहाव्यात.

१. फोन व संगणक या दोहोंवर ब्लूटूथ सुरू आहे का. फोनमधील 'विमान मोड' किंवा बॅटरी-बचत यांमुळे जोडणी तुटते.

२. अँड्रॉइड फोनच्या बाबतीत दोन्हीकडे एकच मायक्रोसॉफ्ट खाते आहे का. शाळेच्या संगणकावर शाळेचे खाते व फोनवर स्वतःचे, असा प्रकार वारंवार आढळतो.

३. 'लिंक टू विंडोज' अॅपला फोन, संपर्क, कॉलची नोंद व सूचना यांची परवानगी दिली आहे का. संगणकावर नाव न दिसता केवळ क्रमांक दिसत असेल, तर संपर्काची परवानगी राहिली आहे असे समजावे. 'अलीकडील कॉल' ही यादी कोरी असेल, तर कॉलच्या नोंदीची परवानगी राहिली आहे.

४. फोनच्या ब्लूटूथ यादीत संगणकाच्या नावापुढील तपशील उघडून 'कॉल' हा पर्याय सुरू आहे का. तो बंद असल्यास जोडणी दिसते, परंतु आवाज जात नाही.

५. फोन बॅटरी वाचविण्यासाठी हे अॅप पार्श्वभूमीत बंद करीत आहे का. सकाळी चालणारी जोडणी दुपारी तुटते, त्याचे हे सर्वसाधारण कारण आहे. बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये या अॅपवरील निर्बंध काढावा.

६. फोन त्याच वेळी कानातील बिनतारी यंत्रास किंवा मोटारीच्या यंत्रणेस जोडला गेला आहे का. तसे असल्यास आवाज तिकडे जातो.

एवढे करूनही जोडणी होत नसल्यास ती मुळापासून नव्याने करावी. फोनच्या ब्लूटूथ यादीतून संगणकाचे नाव काढावे व संगणकाच्या यादीतून फोनचे नाव काढावे. केवळ एकीकडून काढल्यास जुनी खूण दुसरीकडे शिल्लक राहते व नवी जोडणी अडते. मग दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करावीत. नवी जोडणी 'फोन लिंक' मधील 'कॉल्स' या भागातूनच सुरू करावी. दोन्ही पडद्यांवर एकच आकडा दिसतो ना, हे पाहून मगच संमती द्यावी.

तिसरी कडी : संगणक ते कान

कॉल लागतो, वेळ मोजली जाते, पण ऐकू येत नाही किंवा आपले बोलणे पलीकडे पोहोचत नाही, ही तिसऱ्या कडीची लक्षणे होत. डेस्कटॉपला बहुधा स्वतःचा मायक्रोफोन नसतो, ही साधी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तारेचा हेडफोन-माइक लावणे हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये तोच माइक व तोच हेडफोन निवडलेला असावा. प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडला असता आवाज आपोआप तिकडे वळतो. गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये मायक्रोफोन वापरण्यास अनुमती असावी.

बिनतारी हेडफोन वापरल्यास एकाच ब्लूटूथ यंत्रावर दोन जोडण्यांचा भार पडतो व आवाज तुटक येतो. पलीकडच्यास आपलाच आवाज परत ऐकू येत असेल, तर ध्वनिवर्धक बंद करून हेडफोन लावावा. येणाऱ्या कॉलची घंटी संगणकावर वाजत नसेल, तर 'डू नॉट डिस्टर्ब' सुरू आहे का व 'फोन लिंक'च्या सूचना बंद आहेत का, हे पाहावे. बोलता बोलता अडचण आल्यास कॉल तोडण्याची गरज नाही. कॉलच्या चौकटीतील बटणाने बोलणे फोनवर वळविता येते.

अॅपलची यंत्रे

आयफोन व मॅक यांच्यात ही सोय २०१४ पासून आहे. तेथे दोन्ही यंत्रांवर एकच अॅपल खाते व एकच वायफाय जाळे असावे लागते. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'इतर उपकरणांवरील कॉल' व मॅकच्या फेसटाइममध्ये 'आयफोनवरील कॉल' हे पर्याय सुरू करावे लागतात. तेथे अडचण आल्यास प्रथम वायफाय एकच आहे ना, हे पाहावे.

सामायिक संगणकाबाबत दक्षता

ग्रामपंचायत, शाळा व सेवाकेंद्र येथील संगणक अनेकांच्या हातचा असतो. त्यास आपला फोन जोडल्यास आपले संपर्क, कॉलची यादी व संदेश त्या पडद्यावर येतात. बँकेचा एकवेळचा संकेतांकही त्यात आला. कोणीही समोर बसून तो वाचू शकतो. सबब खासगी फोन सामायिक संगणकास जोडू नये. कामासाठी जोडणे अपरिहार्य असल्यास संदेश व सूचना यांची परवानगी देऊ नये, केवळ कॉलची द्यावी आणि बदली झाल्यास किंवा काम संपल्यास जोडणी दोन्हीकडून काढून टाकावी.

'तुमचा फोन जोडून देतो' असे सांगून अनोळखी व्यक्ती पडदा पाहण्याची परवानगी किंवा एखादे अॅप उतरविण्यास सांगत असेल, तर ती फसवणूक समजावी. ग्रामस्थांनी आपला फोन अनलॉक करून कोणाच्याही हाती सोपवू नये. पैसे गेल्याचे लक्षात येताच विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम अडवून धरता येण्याची शक्यता अधिक असते.

आणीबाणीच्या प्रसंगी

साप चावणे, अपघात, बाळंतपण अशा प्रसंगी संगणकाच्या जोडणीवर विसंबू नये. वीज गेली की डेस्कटॉप बंद पडतो. फोन मात्र चालू असतो. ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक थेट फोनवरूनच लावावा. सीमेवरील गावांत फोनने शेजारच्या राज्याचा टॉवर धरलेला असल्यास कॉल तेथील कक्षात जाण्याचा संभव असतो. म्हणून बोलण्याच्या आरंभीच गाव, तालुका, जिल्हा व राज्य स्पष्टपणे सांगावे. शाळांतून विद्यार्थ्यांकडून याची तालीम करून घेणे हितावह ठरेल.

समारोप

नवे यंत्र गावात आले की प्रारंभी त्याचे कौतुक होते, मग ते अडते व कोपऱ्यात धूळ खात पडते. याचे कारण बहुधा यंत्राचा बिघाड नसून दोष शोधण्याची रीत ठाऊक नसणे हे असते. टॉवर, जोडणी व ध्वनी या तीन कड्या क्रमाने तपासण्याची सवय लावून घेतल्यास बहुतांश अडचणी तंत्रज्ञाची वाट न पाहता दूर होतील. शिक्षक व ग्रामपंचायत कर्मचारी यांनी ही रीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत एका कागदावर लिहून संगणकाशेजारी लावावी. परगावी असलेल्या पालकाशी वेळेवर झालेले एक बोलणे मुलाचे शाळेतील नाव टिकवू शकते. त्या दृष्टीने हे श्रम वाया जाणार नाहीत.