अंड्यांसाठी दहा कोंबड्या : कंपूचे अंगण आणि गोव्याची परसबाग

ग्वाल्हेरमधील कंपू हे नाव मराठी कानांना परके वाटत नाही. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी वसवली. तिचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले. शिंद्यांच्या कवायती पलटणींना ‘कंपू’ म्हणत, आणि तोच शब्द लष्करातील या भागाच्या नावात टिकून आहे. काळ्या मांसाची कडकनाथ कोंबडी घरोघरी ठाऊक करण्यात ज्या झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राचा मोठा वाटा आहे, ते केंद्र ग्वाल्हेरच्याच राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाच्या अखत्यारीत येते. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. साहजिकच कंपूतील घराच्या अंगणात असो वा सत्तरी-काणकोणच्या परसात, घरापुरत्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळू पाहणारा पहिला प्रश्न विचारतो तो या कोंबडीविषयीच.

कडकनाथ घ्यावी का?

अंडी हाच हेतू असेल, तर नाही. कडकनाथची कीर्ती मांसासाठी आहे. ती साधारण सहा महिन्यांनी अंड्यावर येते, वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी देते आणि सहसा खुडूकही बसत नाही. निव्वळ गावठी कोंबडी यापेक्षाही कमी अंडी देते, मात्र ती पिल्ले उत्तम सांभाळते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी विकसित केलेली ‘ग्रामप्रिया’ मोकळ्या संगोपनात वर्षाकाठी १६० ते १८० अंडी देते. ‘वनराजा’ ही अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाची आहे, म्हणून तिची अंडी ग्रामप्रियाहून कमी. व्यापारी शेडमधील पांढरी कोंबडी तीनशेचा टप्पा ओलांडते, पण तिला पूर्ण खाद्य आणि काटेकोर व्यवस्था लागते. परसात सोडली, तर तो आकडा हाती येत नाही.

जातीच्या नावावर पैसे गुंतवण्यातला धोका २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिला आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून उघडकीस आलेल्या प्रकरणात अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याच्या आश्वासनावर अनेक शेतकऱ्यांनी कडकनाथ पाळल्या आणि ते फसले. दोष कोंबडीचा नव्हता. आपल्याला नेमके काय हवे आणि ते कोण विकत घेणार, हे आधी ठरलेले नव्हते.

किती कोंबड्या आणि कोंबडा हवाच का?

दहा ग्रामप्रिया पाळल्यास रोजची सरासरी चार ते पाच अंडी पडते. चार-पाच माणसांच्या घराला तेवढी पुरतात. अंडी घालण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्ले हवी असतील तरच आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवावा. फलित अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. दाटीच्या वस्तीत पहाटेची बांग शेजाऱ्यांना त्रासाची होते, हेही लक्षात घ्यावे.

पहिल्यांदाच पाळणाऱ्याने एक दिवसाची पिल्ले न आणता लसीकरण झालेल्या दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा घ्याव्यात. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. हे नीट जमले नाही, तर सर्वाधिक मर याच काळात होते.

खुराडे कसे असावे?

रात्रीच्या निवाऱ्यात प्रत्येक कोंबडीला किमान दोन ते तीन चौरस फूट जागा, बसायला आडवी काठी आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी अंधारलेली एक पेटी, एवढे पुरे. मात्र त्याची बांधणी हवामान पाहूनच करावी. ग्वाल्हेरचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. तिथे उन्हाच्या बाजूला सावली, छतावर गवताचे आच्छादन आणि सतत गार पाणी या पहिल्या गरजा आहेत. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून अंग थंड करते, आणि याच धापांमुळे रक्तातील रासायनिक तोल बदलून अंड्याचे कवच पातळ होते.

गोव्यात खरा शत्रू आहे पावसाळ्यातील ओल. खुराड्याची जमीन उंच असावी, पागोळ्या बाहेर पडाव्यात आणि खाली भाताच्या तुसाचा कोरडा थर असावा. ओल्या तुसातून अमोनियाचा वास येऊ लागला, की रक्ती हगवणीचा धोका वाढला असे समजावे. खाद्यालाही ओल लागू देऊ नये. बुरशी लागलेले मका किंवा शेंगपेंड म्हणजे कोंबडीला विषच. मुंगूस, कांडेचोर आणि सापांपासून रक्षणासाठी बारीक जाळी जमिनीत थोडी पुरून बसवावी.

खाद्याचा खर्च परवडतो का?

खरा हिशेब इथेच ठरतो. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. दहा कोंबड्यांना रोज किलोभर खाद्य विकत घातले आणि अंडी चार-पाचच मिळाली, तर दुकानातले अंडे स्वस्त पडू शकते. कंपूसारख्या दाट वस्तीतील बंद अंगणात चरायला काही नसते, म्हणून तिथे कोंबड्या थोड्या आणि खाद्य पूर्ण हेच गणित ठेवावे लागते. गोव्यातील कुळागरात किडे, गवत आणि सांडलेले धान्य कोंबडीचा बराच भार उचलते. तिथे सायंकाळी मूठभर खाद्य पुरते आणि त्या ओढीने कोंबड्याही वेळेवर परततात.

कवचासाठी मात्र कॅल्शियम वेगळे द्यावेच लागते. गोव्यातील स्वयंपाकघरात त्याची वाण नाही. तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, वाळवून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवावेत. कोंबडी गरजेपुरते खाते. अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र लेयर खाद्य देऊ नये. त्यातील जास्त कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते.

अंडी एकाएकी का थांबतात?

प्रत्येक वेळी तो आजार नसतो. भरपूर अंडी हवी असतील, तर कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात ग्वाल्हेरचा दिवस साडेदहा तासांवर येतो, तर गोव्याचा अकरा तासांहून थोडा मोठा असतो. म्हणून हिवाळ्यात उत्तरेकडे अंडी जास्त घटतात. पहाटे किंवा सायंकाळी एक साधा दिवा ठरावीक वेळी लावल्यास ही घट भरून निघते. पिसे झडण्याचा काळ, खुडूक बसणे आणि उन्हाळ्यात अपुरे पाणी ही इतर नेहमीची कारणे. अंडी झाडीत घातली जात नाहीत ना, हेही पाहावे.

रोगांचे काय?

राणीखेत किंवा मानमोडी हा रोग काही दिवसांत सारे खुराडे रिकामे करतो. त्याला औषध नाही, फक्त लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब, चौथ्या आठवड्यात तिची पुनरावृत्ती आणि आठ ते दहा आठवड्यांनी इंजेक्शन, असा तिचा सर्वसाधारण क्रम आहे. देवीची लस वेगळी द्यावी लागते. नेमके वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात भारतातील कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासूनचा धडा एकच : पक्षी अचानक आणि एकापाठोपाठ मरू लागले, तर त्यांना हात लावू नये, विकू नये, पशुसंवर्धन खात्याला लगेच कळवावे.

कंपूत सावली आणि पाणी, गोव्यात कोरडी जमीन. दोन्हीकडे लस, उजेड आणि शिंपल्याची भुकटी. एवढे सांभाळणाऱ्याच्या साध्या कोंबड्या अंडी देतील. न सांभाळणाऱ्याच्या खुराड्यात नामांकित जातही उपाशी आणि रिकामीच बसेल. म्हणून आधी खुराडे बांधावे, लसीची तारीख ठरवावी आणि मगच बाजारात कोंबड्या शोधायला निघावे.