जाळीनं काय निघतं, काय निघत नाही

सुरगाणा तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. नार आणि पार या नद्या याच डोंगरपट्ट्यातून पश्चिमेला गुजरातेत उतरतात आणि पाणी त्यांच्याबरोबर निघून जातं. मार्च-एप्रिल उजाडला की पाड्यापाड्यांवर बायाबापड्या झिऱ्यातून वाटी-वाटीनं हंडा भरताना दिसतात. दुसरीकडे सापुताऱ्याच्या रस्त्यावर, हातगडच्या बाजूला, पर्यटकांची वर्दळ वाढली तशी हॉटेलं, रिसॉर्टं आणि पोहण्याचे तलावही आले. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल अशा लहानशा तलावात 70 हजार लिटर पाणी मावतं. जल जीवन मिशननं ग्रामीण भागासाठी माणशी रोजचं 55 लिटर पाणी धरलं आहे. त्या हिशेबानं हे पाणी साडेबाराशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. म्हणून इथे तलावावर काम करणाऱ्याच्या हातातली पानं काढायची जाळी फार मोलाची आहे. ती नीट आणि वेळेवर चालवली तर तेच पाणी महिनोन्महिने टिकतं. तिच्याबद्दल जे समज रूढ आहेत ते तपासून घ्यायला हवेत, कारण त्यातल्या बऱ्याच समजांची किंमत पाण्यात मोजावी लागते.

सगळ्यात मोठा समज असा, की जाळी जितकी बारीक तितकं पाणी शुद्ध. साध्या जाळीचं छिद्र एक मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे हजार मायक्रॉन. तलावाच्या वाळूच्या फिल्टरमध्ये साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंतचे कण अडतात. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचा आणि जिवाणू त्याहूनही लहान. त्यामुळे कितीही बारीक जाळी आणली तरी जंतू तिच्यातून आरपार जाणार. ते मारण्याचं काम क्लोरीनचं. तेही सगळ्या जंतूंच्या बाबतीत सारख्याच वेळात होत नाही. योग्य प्रमाणात क्लोरीन असलेल्या पाण्यात बहुतेक ई. कोलाय जिवाणू मिनिटभरात मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम मात्र आठवड्याहून जास्त तग धरतो. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात उतरवायचं नाही, हा नियम म्हणूनच सगळ्या नियमांच्या आधी येतो.

हा समज आला कुठून, हे समजण्यासारखं आहे. गाळून पाणी पिण्याची आपली सवय जुनी आहे आणि तिनं खरोखर जीव वाचवले आहेत. नारू आठवून पाहा. महाराष्ट्रही या रोगाच्या पट्ट्यात होता. पायऱ्या उतरून ज्या विहिरींतून पाणी भरलं जायचं, तिथे नारूच्या रोग्याचे पाय पाण्यात बुडत. त्याच्या जखमेतून बाहेर पडलेल्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या जेमतेम मिलिमीटरभर जीवात शिरत आणि तो जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई. दाट कापडानं गाळलं की सायक्लॉप्स अडकायचा, म्हणून कापडाचा तिथे उपयोग झाला. देशातला शेवटचा रोगी 1996 च्या जुलैमध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. कॉलऱ्याचंही उदाहरण आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला लावलं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कॉलऱ्याचं प्रमाण 48 टक्क्यांनी घटलं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या, घडी घातलेल्या साडीची छिद्रं 20 मायक्रॉनपर्यंत येतात आणि कॉलऱ्याचे जिवाणू ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून असतात ते त्यात अडकतात. एवढं करूनही प्रमाण निम्म्याजवळ राहिलंच. मग तलावावरच्या मिलिमीटरभर छिद्राच्या जाळीकडून जंतू काढण्याची अपेक्षा कशी करायची?

तिचं काम वेगळं आहे. पान, फूल, किडा पाण्यात कुजून विरघळायच्या आत बाहेर काढणं. कुजणारा पाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो. जंतू मारायला जे औषध घातलं ते पानांवर खर्च होतं, मग आणखी औषध घालावं लागतं. मोहाची फुलं आणि सागाची पानं पाण्यात भिजत राहिली की रंगही सोडतात, फरशीवर डाग पडतात. इथल्या भागात साग उन्हाळ्याआधी उघडाबोडका होतो आणि त्याचं पान फूटभरापासून दोन फुटांपर्यंत लांब असतं. सकाळी उठून पंधरा मिनिटं जाळी फिरवली तर ते पान अखंड निघतं. तेच चार दिवसांनी उचलायला जावं तर हातात शिरा येतात आणि लगदा पाण्यात राहतो.

मोठी पानं, तर मोठी जाळी हवी, असंही सांगतात. ते अर्धंच खरं आहे. जाळ्या दोन तऱ्हेच्या मिळतात. सपाट जाळी पृष्ठभागावरचे किडे, फुलं, गवताच्या काड्या उचलायला हलकी आणि सोयीची असते. खोल पिशवीची जाळी तळाशी बसलेल्या पानांसाठी. सागाच्या दिवसांत सपाट जाळीवर तीन पानं आली की चौथं सरकून परत पाण्यात पडतं, म्हणून तेव्हा पिशवीची जाळीच घ्यावी. फार बारीक विणीची पिशवी पाण्यातून ओढायला जड जाते. ती जोरात ओढली की पुढे लाट उठते आणि पानं जाळीत येण्याऐवजी बाजूला सरकतात. बारीक वीण वळवाच्या वाऱ्यानं आलेल्या धुळीच्या थरासाठी राखून ठेवावी. चौकट घेताना वजनापेक्षा कडेकडे बघावं. कडेला प्लॅस्टिकची पट्टी नसेल तर धातू फरशीवर घासतो, अस्तर चिरतो.

चालवायची रीत सोपी आहे, पण घाई तिचा नाश करते. वाऱ्यानं पानं ज्या कोपऱ्यात लोटली असतील तिथून सुरुवात करायची. पावसाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून कचरा ईशान्येच्या बाजूला साचतो. चौकटीची पुढची कड पाण्याखाली किंचित बुडवून, काठानं चालत, सावकाश ओढायची. भरली की आधी बादलीत झाडून टाकायची. काठावर झटकलेला पाला पुढच्या सरीबरोबर परत पाण्यात येतो. आधी पृष्ठभाग, मग भिंतींना ब्रश, शेवटी तळाला व्हॅक्यूम, हा क्रम उलटा केला तर काम दुप्पट होतं. काम झाल्यावर जाळी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत टांगावी. ऊन आणि क्लोरीन मिळून नायलॉन कुजवतात.

ज्यांच्या तलावाला भिंतीत स्किमर बसवलेला आहे त्यांना जाळीची गरज वाटत नाही. स्किमर पृष्ठभागावरचं पाणी ओढतो, हे बरोबर. पण सागाचं एकच पान त्याच्या तोंडाशी आडवं बसलं की ओढ मंदावते. पाण्याची पातळीही त्या तोंडाच्या निम्म्यावर असावी लागते. उन्हानं पाणी खाली गेलं की पंप हवा ओढू लागतो.

आता पाणी हिरवं झाल्याची गोष्ट, कारण नासाडी इथेच होते. शेवाळाचे तरंगणारे गोळे जाळीत येतात, पण पाण्याला हिरवा रंग देणाऱ्या सूक्ष्म पेशी येत नाहीत. दिवसभर जाळी मारूनही रंग उतरला नाही की पाणी सोडून द्यायचा निर्णय होतो. तो बहुतेक वेळा अनावश्यक असतो. आधी पाचोळा काढायचा, मग सामू (pH) 7.2 ते 7.6 वर आणायचा. सामू 8 वर गेला की क्लोरीनचा जोर एक चतुर्थांशाच्या खाली येतो, मग डबेच्या डबे ओतूनही फरक दिसत नाही. त्यानंतर संध्याकाळी क्लोरीनचा जादा डोस द्यायचा, कारण उन्हात तो उडून जातो. भिंती घासायच्या, पंप चालू ठेवायचा, मेलेलं शेवाळ फिल्टरनं आणि व्हॅक्यूमनं काढायचं. काही दिवस लागतात, पण 70 हजार लिटर पाणी वाचतं. पावसाळ्यात तलाव रिकामा करणं तर धोक्याचंही आहे. जमीन पाण्यानं फुगलेली असते, खालून दाब येतो आणि आतलं वजन गेलं की तळ तडकू शकतो.

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी चोख, हाही समज घट्ट बसला आहे. तो वास घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार झालेल्या क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही त्यामुळे. उपाय म्हणजे उतरण्याआधी अंघोळ आणि मोकळ्या क्लोरीनची तपासणी.

पावसाळ्यात बेडूक, विंचू, साप तलावात पडतात. पाण्यातला साप चावत नाही, असं गावोगाव सांगतात. ते चूक आहे. दिवड बिनविषारी आहे, पण घोणस आणि फुरसंही पोहतात. सपाट जाळीवर साप उचलू नये. तो दांड्यावरून हाताकडे येतो. फळी तिरकी टेकवून द्यावी, माणसांना लांब करावं आणि सर्पमित्राला बोलवावं.

दांड्याबद्दल कळकळीनं सांगायचं आहे. लांबवता येणारा अॅल्युमिनियमचा दांडा उघडला की पंधरा-सोळा फुटांचा होतो आणि तो विजेचा उत्तम वाहक आहे. ओल्या काठावर, अनवाणी, वरून वीजवाहिनी गेलेली असताना तो उभा धरणं जिवावर बेतू शकतं. अशा जागी फायबरचा दांडा घ्यावा, आणि कुठलाही दांडा आडवाच न्यावा. आकाशात गडगडाट सुरू झाला की काम थांबवावं. बुडणाऱ्याला हाच दांडा पुढे करू, असंही गृहीत धरू नये. माणसानं जीव खाऊन ओढल्यावर त्याचा सांधा सुटू शकतो. रबरी कडं, दोर आणि न वाकणारी काठी काठावर वेगळी हवी.

ही जाळी आता शेततळ्यांवरही दिसते. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर राज्यभर अशी तळी वाढली. शेवाळ ठिबकच्या तोट्या बुजवतं, म्हणून शेतकरी ते काढतो. ते बरोबरच आहे, पण तलावावरची रीत इथे जशीच्या तशी चालत नाही. धातूची चौकट घासली तर तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटतो आणि पाणी झिरपून जातं. दुसरं म्हणजे उतरता, ओला कागद इतका निसरडा असतो की पाय घसरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. जाळी घेऊन काठावरून वाकायचं असेल तर सोबत दुसरं माणूस हवं, कमरेला दोर हवा, आणि तळ्याच्या चारही बाजूंना वरच्या खुंटीपासून थेट तळापर्यंत गाठी मारलेले दोर कायमचे सोडलेले हवेत.