वजन उचलणें आणि रक्तदाब

साठीच्या घरांत पाऊल टाकलेल्या माणसाचा रक्तदाब वाढल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें, कीं घरांतील मंडळींचा पहिला हुकूम सुटतो तो हा: "आतां जड कांहीं उचलूं नका." पाण्याची कळशी हातांतून काढून घेतली जाते, सकाळच्या बैठका बंद होतात, आणि कालपरवांपर्यंत आपली वळकटी आपणच उचलणारा मनुष्य वर्षभरांत जिना चढतांना कठडा धरूं लागतो. ही काळजी प्रेमापोटीं असते यांत संशय नाहीं, आणि ती अगदींच निराधार आहे असेंही नव्हे. परंतु तिच्यांत सत्याचा एकच भाग आहे. दुसरा भाग सुशिक्षित घरांतूनही फारसा पोहोंचलेला दिसत नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम भीतीचें कारण पाहूं. १९८५ सालीं कॅनडांतील हॅमिल्टन येथील मॅक्मास्टर विद्यापीठाच्या मॅक्डूगल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. दंडावर पट्टा गुंडाळून दाब मोजण्याची नेहमींची रीत वजन उचलणाऱ्या माणसाच्या बाबतींत निरुपयोगी ठरते. पट्टा फुगेपर्यंत कसोटीचा क्षण निघून जातो. म्हणून त्यांनीं पांच कसलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या दंडांतील रोहिणींत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनींत, बारीक नळी घालून दाब प्रत्यक्ष टिपला. दोन्ही पायांनीं जड वजन रेटतांना सरासरीनें वरचा आंकडा ३२० व खालचा २५० मिलिमीटर आला! एका गड्याचा तर ४८० व ३५० च्याही पलीकडे गेला. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचा दाब १२० व ८० च्या आसपास असतो हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांनीं छाती दडपून जाते.

असें कां व्हावें? स्नायू जोरानें आकसला कीं त्यांतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चेंगरतात. त्या अडलेल्या वाटेनें हृदयाला रक्त लोटावयाचें असतें, म्हणून दाब चढतो. हें कारण टाळतां येत नाहीं. दुसरें मात्र बव्हंशीं आपल्या हातचें आहे. जड वस्तु उचलतांना मनुष्य दम कोंडतो. छातींत कोंडलेल्या हवेचा दाब तेथील रक्तवाहिन्यांवर पडून रक्ताच्या दाबांत मिळतो. तोंड व नाक मिटून असा जोर करण्याच्या क्रियेला वालसाल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचें नांव आहे. १७०४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें ती वर्णिली ती कानाच्या संदर्भांत! मलावरोधानें कुंथणारा वृद्ध नकळत असेंच कांहीं करीत असतो. त्याला मात्र कोणी 'जोर करूं नका' म्हणून बजावीत नाहीं.

आतां गोष्टीचा दुसरा भाग. वजन खालीं ठेवलें कीं चेंगरलेल्या वाहिन्या एकदम मोकळ्या होतात आणि चढलेला दाब कांहीं क्षणांतच कोसळतो. पुढें व्यायाम पुरा झाल्यावर तो पुष्कळदां व्यायामापूर्वींच्या दाबाहूनही कांहीं मिलिमीटर खालीं येतो व तास दोन तास, कित्येकांच्या बाबतींत त्याहूनही अधिक वेळ, तसा राहतो. धांवण्यानंतर होणारा असा उतार लेनर्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच टिपला होता. वजनांच्या व्यायामानंतरही तो होतो हें पुष्कळ नंतर सिद्ध झालें. स्नायूंतील वाहिन्या कांहीं काळ सैल राहतात, आणि त्यांना आवळण्याची मेंदूकडून सतत येणारी आज्ञा मंदावते. ज्यांचा दाब मुळांत चढलेला असतो त्यांना हा उतार बहुधा अधिक जाणवतो.

रोजच्या उताराखेरीज महिनोन्महिने केलेल्या व्यायामाचाही परिणाम असतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनांत २७० प्रयोग एकत्र तपासले गेले. वजनांच्या व्यायामानें विश्रांतीच्या वेळचा दाब सरासरीनें वर साडेचार व खालीं तीन मिलिमीटर उतरला. जागच्या जागीं स्नायू ताणून धरण्याच्या व्यायामानें वर सुमारें आठ व खालीं चार. भिंतीला पाठ लावून, खुर्चीवांचून खुर्चींत बसल्यासारखें राहणें हा त्यांतलाच प्रकार. आमच्या लहानपणीं शाळेंत ही शिक्षा होती!

मात्र या तात्पुरत्या उतारानें फसूं नये. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं व्यायाम आटोपतांच यंत्र लावलें, ११८ चा आंकडा पाहून ते हर्षभरित झाले आणि गोळ्या त्यांनीं आपणच बंद केल्या. दोन महिन्यांनीं डोकें दुखतें म्हणून तपासून घेतलें तों दाब १७० वर. व्यायामानंतरचा आंकडा त्या तासापुरता असतो. खरा आंकडा हवा असेल तर व्यायाम, चहा व तंबाखू यांनंतर निदान अर्धा तास जाऊं द्यावा, पांच मिनिटें पाठ टेकून मुकाट्यानें बसावें आणि मगच मोजावें. गोळी वाढविणें वा कमी करणें हें डॉक्टरांचें काम.

अमेरिकेच्या हृदयसंघानें २००० सालीं हृद्रोग्यांनाही, परीक्षेनंतर व बेताच्या प्रमाणांत, वजनांच्या व्यायामास संमति दिली. दाब १८० व ११० च्या वर असेल तर मात्र तो आटोक्यांत येईपर्यंत वजनाला हात लावूं नये. एरवीं दहापंधरा वेळां सहज उचलतां येईल इतकेंच वजन घ्यावें. उचलतांना श्वास सोडावा, खालीं आणतांना घ्यावा. बैठकेंतून उठतांना आणि भरलेली कळशी उचलतांनाही हाच क्रम. सुश्रुतानें व्यायाम अर्ध्या बळानें करावा असें सांगून त्याची खूणही दिली आहे: श्वास तोंडाशीं येऊं लागला कीं अर्धें बळ झालें. त्याला रक्तदाब ठाऊक होता असा दावा करणें हास्यास्पद होईल. पण ज्याच्यापाशीं यंत्र नाहीं त्याला ही खूण आजही उपयोगी पडते.

शेवटची बैठक झाली कीं लगेच स्वस्थ उभें राहूं नये. पायांत रक्त सांचतें, दाब आधींच उतरणीला लागलेला असतो, आणि डोळ्यांपुढें अंधारी येते. पांचदहा मिनिटें खोलींतल्या खोलींत सावकाश फिरावें. कढत पाण्यानें वाहिन्या आणखी सैल होतात, तेव्हां दाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीं तरी बंबाचें पाणी अर्धा तास तसेंच राहूं द्यावें.