जाड कापडावर टाके सुटतात? आधी सुई बदला

दप्तराचे नायलॉन किंवा रेक्झिन शिवताना टाके सुटू लागले की दोष मशीनला दिला जातो. बहुतेक वेळा कारण सुईत असते.

असे का होते?
सुई वर येताना धाग्याचा फास पडतो आणि शटलचे टोक तो पकडते. सुई बारीक किंवा बोथट असेल तर जाड कापड तिच्यासोबत वर उचलले जाते. फास पडत नाही, टाका सुटतो.

काय करावे?
• सुई : १६ किंवा १८ नंबरची, नवी.
• धागा : सुती नको, पॉलिस्टर वापरा.
• टाका : ३ ते ४ मिलिमीटर. टाके फार जवळ पडले तर रेक्झिन त्या रेषेत फाटते.
• वेग : कमी ठेवा. तापलेल्या सुईने सिंथेटिक कापड वितळते, धागा तुटतो.
• खाली गुंता : प्रेशर फूट उचलून वरचा धागा पुन्हा ओवा.
• जाड जोड : चाक हाताने फिरवा. कापड ओढल्यास सुई वाकून तुटते.

रेक्झिनवरची छिद्रे उसवल्यावरही राहतात. म्हणून आधी तुकड्यावर शिवून पाहा. तरीही टाके सुटले, तरच मेकॅनिककडून शटलचे टायमिंग तपासून घ्या.