मांजर आधी, पिल्लू नंतर

एका वाचक बाईंनी विचारलं आहे : घर दोन खोल्यांचं, त्यात तीन वर्षांची मांजर, आणि धाकट्याला आता कुत्र्याचं पिल्लू हवंय. या दोघांचं वैर जन्मजात, मग एका छपराखाली नांदायची कशी?

नांदतात. रीलमध्ये दिसतात तितकी गळ्यात गळे घालून नाही, पण नांदतात. पत्रातलं वैराचं गृहीतक मात्र मला तसंच सोडून पुढे जाववत नाही. त्याला शंभर वर्षांपूर्वीच एकाने सुरुंग लावला होता, आणि तो माणूस आज मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच माहीत असतो.

झिंग-यांग कुओ. कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकायला गेलेला चिनी तरुण. १९२१ साली, विद्यार्थी असतानाच, त्याने लेख छापून आणला : मानसशास्त्राने सहजप्रवृत्ती ही कल्पनाच टाकून द्यावी. प्राणी असा का वागतो, तर ते त्याच्यात उपजतच असतं, एवढं म्हटलं की पुढे शोधायचं काही उरत नाही, ही त्याची तक्रार. मायदेशी परतल्यावर त्याने प्रयोगाला घेतली ती जोडी अशी, की जिच्या वैराबद्दल जगात कुणालाच शंका नव्हती. मांजर आणि उंदीर.

मांजराच्या पिल्लांचे त्याने तीन गट केले. २१ पिल्लं उंदीर मारणारी मांजरं रोज बघत वाढली. २० पिल्लं एकटी वाढली. १८ पिल्लं एकाच पिंजऱ्यात उंदरासोबत वाढली. निकाल छापून आले १९३० मध्ये. पहिल्या गटातल्या १८ पिल्लांनी उंदीर मारले, एकट्या वाढलेल्यांपैकी ९ जणांनी, आणि उंदराच्या संगतीत वाढलेल्यांपैकी फक्त तिघांनी. त्या तिघांनीही सोबत वाढलेल्या जातीच्या उंदराला हात लावला नाही. कुओ तिथे थांबला नाही. न मारणाऱ्या पिल्लांना त्याने मोठ्या मांजरांकडून शिकारीचे धडे देववले. एकट्या वाढलेल्या ११ पैकी ९ जणांनी ते लगेच उचलले. उंदरासोबत वाढलेल्या १५ पैकी शिकलं ते एकच!

सगळं शिकवण्यावर असतं, असा निष्कर्ष काढायचा मोह कुओलाही आवरला नाही. पण कुणीही न शिकवता उंदीर मारणारी ती ९ पिल्लं राहतातच. ठिणगी आतलीही असते. तरीही उंदराच्या सोबतीने वाढणं शिकारीच्या धड्यांवर भारी पडलं, हे त्या १५ पिल्लांनी दाखवलंच.

मग हा माणूस विसरला कसा गेला? १९३३ मध्ये तो झेजियांग विद्यापीठाचा प्रमुख झाला, विद्यार्थी त्याच्याविरुद्ध उठले, १९३६ मध्ये पायउतार व्हावं लागलं. पुढे युद्ध, मग हाँगकाँग. आयुष्याच्या कामाचं पुस्तक निघालं १९६७ मध्ये, आणि १९७० मध्ये तो गेला. तीनच वर्षांनी प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाला नोबेल मिळालं. मानकऱ्यांत उपजत वर्तनाचे मोठे पुरस्कर्ते कोनराड लोरेंझ होते. हंसाच्या पिल्लांची रांग मागे घेऊन चालणारे लोरेंझ सगळ्यांना आठवतात. कुओच्या मांजरांचा फोटो कुणी काढला नाही की काय कोण जाणे.

कुत्र्यांवर असाच प्रयोग केला मायकेल फॉक्स यांनी (पुढे दक्षिण भारतात कोळसुंद्यांचा अभ्यास करणारे तेच हे). चिवावा जातीची चार आठवड्यांच्या आतबाहेरची पिल्लं त्यांनी एकेक करून मांजराच्या पिल्लांमध्ये ठेवली. १९६९ मध्ये त्यांनी लिहिलं, की सोळाव्या आठवड्यात या पिल्लांना कुत्र्यांपेक्षा मांजरांचीच संगत आवडत होती. कुत्र्यांत वाढलेली पिल्लं आरशासमोर धरली की भुंकत, हालचाल करत. यांना आरशातल्या त्या कुत्र्याचं काही देणंघेणं नव्हतं. दोन आठवडे इतर कुत्र्यांत ठेवल्यावर मात्र ती बरीचशी रुळली.

शेतकरी वाफशाची वाट बघतो. पाऊस पडून गेला, चिखल सुकला, पण ओल आहे, अशा त्या थोड्या दिवसांत पेरलं तर रुजतं. नंतर तेच बी, तीच जमीन, पण मेहनत दुप्पट आणि उगवण निम्मी. प्राण्याच्या मनाचाही असा वाफसा असतो. कुत्र्याच्या पिल्लाचा साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत. अमेरिकेत बार हार्बरला स्कॉट आणि फुलर यांनी पाच जातींची कुत्री वर्षानुवर्षं वाढवून तो दाखवला. मांजराचा त्याहून लवकर येतो आणि लवकर जातो, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात.

आता बाईंच्या घरचा हिशेब करू. तीन वर्षांच्या मांजरीचा वाफसा कधीच सरला. लहानपणी तिने कुत्रा पाहिला नसेल, तर आता तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणजे पिल्लाच्या बाजूने उरतात जेमतेम चार आठवडे. शिकायचं आहे ते पिल्लाने.

तेल अवीव विद्यापीठाच्या फॉयरस्टाइन आणि टर्केल यांचं २००८ चं काम इथे उपयोगी पडतं. दोन्ही प्राणी असलेल्या घरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घरांत त्यांना सख्य दिसलं, पाव घरांत ‘तू तुझ्या जागी, मी माझ्या जागी’, आणि उघड भांडण दहा टक्क्यांहूनही कमी घरांत. जमण्याची शक्यता सर्वांत जास्त कुठे? मांजर घरात आधी आलेली असेल तिथे, आणि ओळखीच्या वेळी मांजर सहा महिन्यांच्या आत व कुत्रा वर्षाच्या आत असेल तिथे. क्रम बाईंच्या बाजूने आहे, मांजरीचं वय नाही.

मला जास्त गंमत वाटली ती त्यांच्या दुसऱ्या निरीक्षणाची. डार्विनने १८७२ मध्येच नोंदवलं होतं, की ताठ उभी शेपटी म्हणजे हल्ल्याच्या तयारीतला कुत्रा, पण लाडात आलेली मांजर. आणि शेपटी हलवणारा कुत्रा खुशीत असतो, तर शेपटी आपटणारी मांजर चिडलेली. खुणा अगदी उलट्या. तरी एकत्र राहणारे बहुतेक प्राणी समोरच्याची खूण बरोबर ओळखत होते. नाकाला नाक लावून विचारपूस करण्याची मांजरांची रीतही कुत्र्यांनी उचलली होती.

लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या पाहणीत दोघांचं किती जमेल हे मुख्यतः मांजरीच्या निर्धास्तपणावर ठरताना दिसलं. म्हणून सोय आधी तिची. कपाटावर, माळ्यावर पिल्लू पोचणार नाही अशी जागा, खाणंही वरच. पिल्लाची गोधडी तिला हुंगायला द्यावी, तिची त्याला. सुरुवातीला घरातही पिल्लाच्या गळ्यात पट्टा आणि दोरी हवीच, कारण पळणाऱ्या मांजरामागे धावणं हेच पिल्लासाठी बक्षीस असतं, आणि एकदा गोडी लागली की ती सोडवणं महाकठीण. मांजरीने फिस्कारलं तर फिस्कारू द्यावं. उचलून त्याच्या पुढ्यात मुळीच धरू नये; ओरखडे तुम्हालाच पडतील.

लसींचं वेळापत्रक दोघांचंही पाळावं. पार्व्हो हा कुत्र्यांचा रोग १९७८ मध्ये जगभर पसरला, तो मांजरांच्या विषाणूच्या नात्यातल्या विषाणूपासून निघून. कुत्र्यांसाठी वेगळी लस येईपर्यंत डॉक्टर कुत्र्यांना मांजरांचीच लस टोचत होते! पार्व्होचे नंतरचे प्रकार मांजरांनाही होऊ शकतात.

राहिली मांजरीच्या शौचाची वाळूची पेटी. ती पिल्लाला सापडली तर त्यातलं ते मेवा समजून खाणार, हे धरूनच चाला. न्हाणीघराच्या दाराला साखळी लावून मांजर जाईल एवढीच फट ठेवा.