सहावा गिअर

डीन कॅमेन यांनी स्थापन केलेल्या 'फर्स्ट' संस्थेच्या विद्यार्थी रोबोटिक्स स्पर्धेत 2017 साली 'स्टीमवर्क्स' नावाचा खेळ होता. प्रत्येक बाजूला तीन रोबोट, सामना अडीच मिनिटांचा. बॉयलरमध्ये चेंडू मारायचे, गिअर पोचवून हवाई जहाजाचे पंखे फिरवायचे आणि शेवटी दोरावर चढायचं. प्रेक्षकांची नजर चेंडूंच्या फवाऱ्यावर खिळणं साहजिक होतं, पण गुणांचा हिशोब वेगळं सांगत होता. सुरुवातीचे स्वयंचलित 15 सेकंद संपले, की बॉयलरच्या वरच्या तोंडात पडलेल्या तीन चेंडूंना मिळून एक गुण. दोरावर चढलेल्या एका रोबोटला मात्र 50. एक चढाई दीडशे अचूक चेंडूंच्या तोलाची! रोबोट बांधायला सहाच आठवडे असताना नेमबाजीआधी दोरावरची पकड पक्की करणं, हाच शहाणपणाचा क्रम होता.

गिअरचं गणित याहून रंजक, कारण तिथे गुण पायरीपायरीने मिळत. तिसऱ्या पंख्याला चार गिअर लागत, चौथ्याला सहा. स्वयंचलित वेळेनंतर, चालकांच्या वेळेत पंखा फिरला की 40 गुण. चौथ्यासाठी पाच गिअर बसवले आणि वेळ संपली, तर त्या साऱ्या फेऱ्या फुकट. म्हणून 'गिअरमागे सरासरी सुमारे पावणेसात गुण' हा हिशोब फसवा. उरलेल्या वेळात सहाही पोचतील का, हा खरा प्रश्न. बाद फेरीत चारही पंखे फिरले की आणखी 100 गुण मिळत. समजा, चौथ्या पंख्यापायी एक हमखास चढाई सोडावी लागणार आहे. तर 140 गुणांसाठी 50 पणाला लागतात, आणि यशाची शक्यता साधारण 36 टक्क्यांहून जास्त असेल तरच सरासरीने हा सौदा परवडतो.

मुलांनी यंत्र बनवावं, गुण कसले मोजता, असा आक्षेप येईल. पण कोणतं यंत्र बनवायचं हे ठरवणं अभियांत्रिकीचाच भाग आहे, किंबहुना तिचा पहिला भाग. नेमबाजी वाया गेली असंही नाही: दोन्ही बाजूंचे पंखे आणि चढाया बरोबरीत सुटल्या, तर निकाल चेंडूंवरच ठरे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पात्रता फेरीत जोडीदार वेळापत्रकाने ठरतात, मग आखणी करायची कुणाच्या भरवशावर? त्याचं उत्तर प्रेक्षागृहात वह्या घेऊन बसलेल्या विद्यार्थ्यांपाशी असे. प्रत्येक रोबोट एका सामन्यात किती गिअर पोचवतो, कितीदा दोरावरून घसरतो, हे ते सामन्यामागून सामने टिपत राहत.