रणांगण आणि शाळेचा वर्ग

जबलपूर हे छावणीचे आणि कारखान्यांचे गाव. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. तेव्हा ओमती भागातील एका शाळेत, अकरावीच्या वर्गापुढे युद्धसाहित्य आणि अस्तित्ववाद यांविषयी बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला, त्या वेळी एका मुलाने आरंभीच विचारले, “सर, माझे वडील कारखान्यात तोफगाडे तयार करतात. पुस्तकांतल्या त्या मरणांचा दोष त्यांच्याकडेही येतो का?” श्रोतेहो, अशा प्रश्नाला व्याख्या सांगून उत्तर देता येत नाही.

मी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी वर्गापुढे ठेवली. नाव रणांगण, परंतु तीत लढाई नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली एक बोट आहे. तीवर नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत, त्यांत हॅर्टा आहे, आणि स्वदेशी परतणारा चक्रधर आहे. मुंबई आली की तो उतरणार; तिला मात्र उतरण्याची मुभा नाही. चक्रधर काही दुष्ट नव्हे. तरीही हॅर्टाचा शेवट वाचल्यावर ‘त्याचा तरी काय इलाज होता?’ असे म्हणून पुस्तक स्वस्थपणे मिटता येत नाही.

अस्तित्ववादाचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो. १९४५ साली पॅरिसमधील व्याख्यानात सार्त्रने एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. भाऊ युद्धात मारला गेलेला, आई एकटी. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सेनेत सामील व्हावे, की आईजवळ राहावे? कोणताही ग्रंथ याचा निकाल देणार नाही, निवड तुझी तूच केली पाहिजेस, असे सार्त्रचे सांगणे. यात निराशा नाही; आहे ती जबाबदारी. परिस्थितीच्या आड लपण्याची सोय तेवढी नाही.

हे केवळ पॅरिसचे नव्हे. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नाविकांच्या उठावापाठोपाठ याच जबलपुरात सिग्नल दलातील हिंदी जवान बराकी सोडून मिरवणुकीने शहरात आले. शिस्त आणि स्वाभिमान यांतून त्यांनी एकाची निवड केली, आणि पुढे अनेकांनी नोकरी गमावून तिची किंमत मोजली.

अशा वाचनाने कोवळी मने खचतील, अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. ‘जीवन निरर्थक आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहून आरंभ केला, तर ती खरीही ठरेल. म्हणून शिक्षकाने वादापासून नव्हे, माणसापासून सुरुवात करावी: या माणसापुढे कोणत्या वाटा होत्या, कोणती त्याने घेतली, आणि तिची झळ कोणाला लागली?

त्या मुलाला मी निवाडा दिला नाही. म्हटले, “आज घरी गेल्यावर वडिलांजवळ बस. हे काम त्यांनी केव्हा पत्करले, कोणासाठी पत्करले, ते विचार. दोषाचे मग पाहू.” तो काही बोलला नाही; मात्र जाताना त्याने ‘रणांगण’ची प्रत मागून नेली.